जुनी होडी घेण्यापूर्वी

गेल्या महिन्यात भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, सान फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला असतो. "मावशी, घर बघतोय," म्हणाला. मला आनंद झाला. विचारलं, कितव्या मजल्यावर? तर म्हणतो, "मजला नाही गं, पाण्यावर. जुनी शिडाची होडी घेतोय. त्यातच राहायचं."

मी मूळची मालवणची. होड्या मला नव्या नाहीत. पण आमच्याकडे माणूस होडी घेऊन जातो आणि परत येतो तो घरी. होडीतच बिऱ्हाड थाटायचं हे काही ऐकलेलं नव्हतं. बहिणीने तर दोन दिवस जेवण सोडलं. मला फोन करून म्हणाली, "तू जन्मभर पोरांना शिकवलंस ना, आता याला शिकव." भाच्याचं म्हणणं साधं होतं. तिकडे घरभाडं पगार गिळून टाकतं, आणि वापरलेली होडी एका बऱ्या मोटारगाडीच्या किमतीत मिळते. कॉलवर त्याची बायको मागे बसली होती. ती काही बोलली नाही, नुसती हसली. ते हसणं माझ्या लक्षात राहिलं.

मला पटवायला भाच्याने एक पुस्तक पाठवलं. जोशुआ स्लोकम नावाच्या कप्तानाचं, एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेचं, १९०० साली प्रसिद्ध झालेलं. मी मराठी माध्यमातून बीए झालेली, इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचते. पण हे वाचून काढलं. मग त्याच्या चरित्रांच्याही मागे लागले. तेहतीस वर्षं इतिहास शिकवल्याची सवय, दुसरं काय! भाच्याला वाटलं होतं की मावशी पुस्तक वाचून त्याच्या बाजूने होईल. तशी झालेही, पण थोडी वेगळ्या वाटेने. ते सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

स्लोकमचा जन्म १८४४ चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातला. सारं आयुष्य शिडाच्या जहाजांवर गेलं, कप्तान झाला. पण त्याच्या डोळ्यांदेखत काळ बदलला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. तांबड्या समुद्रातले वारे शिडांना सोयीचे नव्हते, त्यामुळे त्या जवळच्या वाटेचा फायदा मिळाला तो वाफेच्या बोटींना. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शिडाची मालवाहू जहाजं मागे पडत गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कप्तानही. १८९२ साली स्लोकम बोस्टनला काम शोधत फिरत होता. जहाजबांधणीच्या कारखान्यात मजुरी करावी म्हटलं, तर आधी तिथल्या संघटनेला पन्नास डॉलर भरा म्हणाले. वय अठ्ठेचाळीस, हातात कसब, आणि त्या कसबाला गिऱ्हाईक नाही.

अशा वेळी एबेन पीअर्स नावाचा देवमाशांच्या शिकारीवरचा जुना कप्तान त्याला भेटला. म्हणाला, फेअरहेवनला ये, तुला जहाज देतो, थोडी दुरुस्ती लागेल. स्लोकम गेला आणि बघतो तर काय, समुद्रापासून दूर एका शेतात कॅनव्हासखाली झाकलेली एक जुनाट होडी. नाव 'स्प्रे', म्हणजे लाटेचे तुषार. एके काळी कालवं धरायला वापरलेली, सात वर्षं तिथेच टेकू लावून उभी. पीअर्सने चेष्टाच केली होती म्हणायची.

ते वाचताना मला मालवणचा किनारा आठवला. पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात, नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा पाण्यात. पण एखादी होडी अशी असते की तिचा मालक गेलेला असतो, पोरं मुंबईला असतात, आणि ती दरवर्षी झावळ्यांखालीच राहते. शेवटी चुलीत जाते. फेअरहेवनच्या लोकांनाही तेच वाटलं, की हा हिला मोडायला आलाय. स्लोकम म्हणाला, नाही, बांधायला आलोय. मग जो येई तो एकच प्रश्न विचारी, परवडेल का? जगात कुठेही जा, शेजाऱ्यांचा प्रश्न तोच!

त्याने जवळचं एक ओकचं झाड पाडलं आणि त्याचा तळाचा कणा केला. लाकडं वाफेवर मऊ करून वाकवली आणि त्यांच्या फासळ्या बसवल्या. जॉर्जियातल्या पाइनच्या दीड इंची फळ्या ठोकल्या. सांध्यांत कापूस आणि वर डांबरात माखलेलं दोराचं सूत ठासलं. देवमाशांवर जाणारे जुने कप्तान रस्त्याने जाता-येता थांबत, गप्पा मारत, सल्ले देत. एकाला वाटलं, तो कापूस सरकून बाहेर येणार. स्लोकमने ठासायचं काम चालूच ठेवलं. होडी पाण्यात उतरली आणि कापूस होता तिथेच राहिला. तेरा महिने मेहनत आणि सामानाला ५५३ डॉलर ६२ सेंट. सेंटसुद्धा लिहून ठेवलेत, यावरून माणूस किती अडचणीत होता ते कळतं. लांबी छत्तीस फूट नऊ इंच, रुंदी चौदा फूट दोन इंच. आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर साधारण तेवढंच होईल.

स्लोकमने तिथे एक गमतीचा प्रश्न काढला आहे. एकेक फळी बदलत गेल्यावर जुनी होडी संपली कधी आणि नवी सुरू झाली कधी? त्याचं उत्तर असं, की विमावाल्या लॉइड्सच्या लेखी दुरुस्त होत होत सगळीच नवी झालेली होडीसुद्धा जुन्याच नावाची होडी असते. वर्गात हे सांगितलं असतं तर पोरांनी तास संपेपर्यंत वाद घातला असता.

आता भाच्याच्या बाजाराकडे येऊ. आज जुन्या होड्या स्वस्त का मिळतात, यालाही इतिहास आहे. लाकडी होडी किडते, कुजते, तिला दरवर्षी निगा लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या होड्या साच्यात घालून निघू लागल्या. १९५९ मध्ये पीअर्सन कंपनीची 'ट्रायटन' नावाची अठ्ठावीस फुटी होडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली आणि तशा सातशेच्या आसपास होड्या झाल्या. मग साठ-सत्तरच्या दशकांत इतरांनीही हजारोंनी बनवल्या. गंमत अशी की फायबरग्लास कुजत नाही. मालक म्हातारे झाले, गेले, पण होड्या उभ्याच आहेत. म्हणून सांगाडा स्वस्त मिळतो. महाग असतं ते बाकीचं सगळं: डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा, शिडं, इंजिन, आणि पाणी आत-बाहेर घेणाऱ्या त्या तळाच्या तोट्या. एक तोटी निकामी झाली तर बांधल्या जागी होडी बुडते.

शिवाय वरच्या डेकच्या फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलकं लाकूड भरलेलं असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून चकचकीतच दिसतं. त्यासाठी सर्व्हेअर बोलावतात. तो छोटी हातोडी घेऊन इंच इंच ठोकत जातो. टणक आवाज आला तर बरं, बद्द आला तर आत सडलेलं. हे मला लगेच समजलं. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच ते. भाच्याला म्हटलं, सर्व्हेअरचे पैसे वाचवू नकोस. आणखी एक गोष्ट त्यानेच सांगितली. सान फ्रान्सिस्कोच्या खाडीत होड्यांच्या तळावरच्या दहा टक्क्यांहून जास्त जागा राहणाऱ्यांना देता येत नाहीत, असा नियम आहे. म्हणजे होडी मिळेल, पण ती बांधून त्यात राहायला परवानगी मिळेलच असं नाही. मी म्हटलं, मग आधी गोठा बघ, म्हैस नंतर घे.

इथपर्यंत आमचं दोघांचं छान जमलं. पण मला त्या हसण्याचं पडलं होतं. म्हणून मी स्लोकमच्या घरात डोकावले. कारण हा माणूस काही पहिल्यापासून एकटा नव्हता. त्याने दोन संसार जहाजावर केले.

पहिली बायको व्हर्जिनिया. १८७१ मध्ये सिडनीला लग्न झालं, ओळख जेमतेम काही आठवड्यांची, आणि लगेच ती जहाजावर राहायला गेली. तेरा वर्षं तेच तिचं घर. सात मुलं झाली, काही भर समुद्रात, काही परक्या बंदरांत. त्यातली तीन लहानपणीच गेली. उरलेल्या चौघांना तिने जहाजावरच वाढवलं, शिकवलं. ती खंबीर होती, समुद्रावर रमलेली होती, असंच सगळे लिहितात. १८८४ मध्ये स्लोकमने 'अक्विडनेक' नावाचं वापरलेलं जहाज घेतलं. त्याच वर्षी जुलैत ब्वेनोस आइरेसच्या बंदरात ती त्याच जहाजावर वारली. पस्तिशीही गाठली नव्हती. त्यांच्या एका मुलाने पुढे सांगितलं, की आई गेल्यावर वडील सुकाणू मोडलेल्या जहाजासारखे झाले.

दुसरी हेट्टी, त्याच्याच नात्यातली, चोवीस वर्षांची, कपडे शिवणारी. १८८६ मध्ये लग्न झालं आणि त्याच 'अक्विडनेक'वर तिचा नवा संसार सुरू झाला. निघाल्यावर थोड्याच दिवसांत वादळ. मग साथीचे रोग, खलाशांचं बंड, त्यात नवऱ्याच्या गोळीने एक माणूस मेला, खटला होऊन तो सुटला. शेवटी १८८७ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यावर जहाजच फुटलं. स्लोकमने तिथेच मोडक्या-तोडक्या सामानातून पस्तीस फुटी होडी बांधली. १३ मे १८८८ ला ती पाण्यात उतरली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली म्हणून नाव 'लिबरदादे', स्वातंत्र्य. तिची शिडं शिवली हेट्टीने. त्या होडीतून नवरा, बायको आणि पहिलीची दोन मुलं साडेपाच हजार मैल येऊन अमेरिकेला लागली. बातमीदारांनी तिला विचारलं, पुन्हा जाणार का? ती म्हणाली, नको रे बाबा, अशा अर्थाचंच काही. हा तिचा मधुचंद्र होता आणि तो तीन वर्षं चालला होता!

म्हणून २४ एप्रिल १८९५ ला 'स्प्रे' बोस्टनहून निघाली तेव्हा त्यात एकच माणूस होता. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. यारमाउथला घेतलेलं पत्र्याचं घड्याळ, दीड डॉलरचं, तबकडी फुटकी म्हणून दुकानदाराने डॉलरला दिलेलं. त्यावर वेळ बघत हा तीन वर्षांहून जास्त काळ हिंडला. ४६,००० मैल. २७ जून १८९८ ला परत आला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस. परवडेल का, या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

पण मग घर? ते काही जमलं नाही. १९०२ मध्ये त्याने मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतलं, झाडं लावली, आणि थोड्याच वर्षांत हिवाळा आला की 'स्प्रे' घेऊन वेस्ट इंडीजकडे जायला लागला. होडीची निगा आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. एका हिवाळ्यात तो निघाला आणि परत आलाच नाही. १९२४ मध्ये त्याला कायद्याने मृत ठरवलं, तारीख धरली ती १४ नोव्हेंबर १९०९ ची.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि मला आमचं घर आठवलं. १९८१ साली यांनी डोंबिवलीच्या ब्लॉकचे पैसे भरले आणि संध्याकाळी पेढे घेऊन आले. मी विचारलं, कसले? तेव्हा कळलं की आपण घर घेतलं. घर चांगलंच निघालं. यांचा हेतूही चांगला होता. पण शाळेला जायला मला दोन लोकल बदलाव्या लागत, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. बावीस वर्षं बदलल्या. यांच्यापाशी मी कधी बोलले नाही. आज ते नाहीत, आणि हे वाचणारे नातेवाईक म्हणतील, आता कशाला? तर भाच्यासाठी.

त्याला मी फोन करून एवढंच म्हटलं, "अरे, सर्व्हेअरला नंतर बोलाव. आधी हिला विचारलंस का?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "ती नाही कुठे म्हणाली?"

चार दिवसांनी सूनबाईचाच फोन आला. "मावशी, मला पाण्याची भीती नाही. होडीत राहायलाही आवडेल कदाचित. पण उभं राहून पोळ्या लाटता आल्या पाहिजेत, आणि आधी पावसाचे आठ दिवस भाड्याच्या होडीत राहून बघायचंय." मी म्हटलं, हे सगळं त्यालाच सांग.

परवा दोघं मिळून एक होडी बघायला गेले होते. तेहेतीस फुटी, १९७४ ची, बाहेरून देखणी. सर्व्हेअरची हातोडी वाजायच्या आधीच सूनबाई आत उतरून शेगडीपुढे उभी राहिली. डोकं छताला लागलं. होडी नापसंत.

बहीण आता नीट जेवते आहे. शोध चालू आहे.