डूनचीं पिस्तुलें

स्कॉटलंडमधील सरदार घराण्यांच्या शस्त्रागारांत जपलेलीं कित्येक जुनीं पिस्तुलें पर्थशायरांतील डून या लहानशा गांवचीं आहेत. १६४६ च्या सुमारास टॉमस कॅडेल नांवाचा कारागीर तेथें स्थायिक झाला व ही विद्या त्यानें शिष्यांस दिली. नळीपासून मुठीपर्यंत सारें काम पोलादाचें. मुठीचें टोंक मेंढ्याच्या शिंगांसारखें वळलेलें, त्यावर रुप्याचें नाजूक जडावकाम.

१७४६ सालीं कलोडनच्या रणांत हायलंडी बंडखोरांचा मोड झाला आणि शस्त्रबंदीचा कायदा अधिकच कडक झाला. गिऱ्हाईक तुटलें, शतक सरतां सरतां डूनच्या भट्ट्या थंडावल्या.

१८२२ सालीं त्याच राजकुळांतील चौथा जॉर्ज एडिंबरोस आला व तेथें हायलंडी पोशाखांत मिरवला, पिस्तुलांसह! शस्त्राचें भय सरलें, तेव्हांच त्यास दरबारीं मान मिळाला.