जामखेडच्या बायका पुढारी कशा झाल्या?

आज जाऊया १९७० मध्ये, नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी जामखेडला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. आधी त्यांनी गावोगाव शिकलेल्या नर्स पाठवून बघितल्या. नाही जमलं. बाहेरची नर्स गावात रमेना, गावातल्या बायका तिच्याशी मोकळं बोलेनात. मग ठरलं, गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित.

त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, जात बाजूला ठेवून एकत्र जेवायच्या. बाळंतपण, जुलाब, बाळाचं वजन, सगळं शिकायच्या. आणि शिकलेलं स्वतःजवळ न ठेवता गावात वाटायच्या. आम्ही कोडिंगवाले याला ओपन सोर्स म्हणतो!

जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिलाच बाळंतपणाला बोलावणं येऊ लागलं. काही जणी पुढे सरपंच झाल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आज आपण दोन दिवसांचं शिबिर घेतो, सर्टिफिकेट वाटतो आणि म्हणतो, नेते घडवले. जामखेडला त्यासाठी वर्षानुवर्षं दर आठवडा द्यावा लागला. मला वाटतं, खरा फरक तिथेच आहे.

तुमच्या गावात लोक अडीनडीला कुणाकडे जातात? विचार करा. भेटू पुढच्या भागात!