वेंगुर्ल्याची वखार, ‘मोर्तये’ आणि संकासुर

सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने कोकणात आदिलशाही मुलखातील वेंगुर्ले निवडले आणि पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर राहील अशा त्या जागी १६३७ च्या सुमारास वखार, म्हणजे माल साठवण्याचे व व्यवहाराचे ठाणे, घातली. १६०२ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी मसाल्यांबरोबर माणसांचाही व्यापार करीत असे. म्हणूनच १६७७ मध्ये कर्नाटक मोहिमेच्या वेळी डचांना दिलेल्या कौलात, म्हणजे अटी घालून दिलेल्या लेखी परवानगीत, छत्रपती शिवाजी महाराजांनी कर्नाटकातील स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेण्यास मनाई केली.

माणसांच्या या व्यापाराचे पडसाद आम्स्टरडॅमच्या विनोदी रंगभूमीवर आधीच उमटले होते. गेरब्रांट ब्रेडेरो (१५८५–१६१८) याचे १६१७ मध्ये छापलेले ‘मोर्तये’ हे नाटक रोमन नाटककार टेरेन्सच्या ‘युनुकस’वर बेतलेले आहे; मूळ नाटकात तरुण प्रेमी खोजाच्या रूपाने परक्या घरात शिरतो, तर ब्रेडेरोने त्याला कृष्णवर्णीय दासीचे सोंग दिले. याच नाटकात माणसे विकण्याच्या प्रथेचा कडक निषेधही येतो; तथापि निषेध शब्दांत राहतो आणि हशा मात्र काळ्या केलेल्या चेहऱ्यावर पिकतो.

काळ्या वेशातला विनोद इकडे कोकणच्या रंगभूमीवरही दिसतो. वेंगुर्ल्याच्या परिसरात ज्या दशावताराची परंपरा आजही नांदते, त्या खेळाचा उल्लेख सतराव्या शतकातील ‘दासबोधा’त आढळतो. त्याच्या आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानापूर्वीच्या भागात, वेद पळवणारा संकासुर काळ्या वेशात, तोंडावरील बुरख्याला लांब लाल जीभ लावून येतो, मालवणीत बोलतो, प्रत्यक्ष ब्रह्मदेवाची फिरकी घेतो आणि अखेर विष्णूच्या हातून मारला जातो.

या दोन परंपरांचा परस्परांवर प्रभाव पडला असे म्हणण्यास आधार नाही, परंतु त्यांची तुलना बोधप्रद आहे. संकासुराचा काळा रंग पुराणातील असुराचा असून त्याच्या तोंडची थट्टा वेदांच्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचते. ‘मोर्तये’मधील काळा रंग मात्र बाजारात विकल्या जाणाऱ्या माणसांचा आहे, आणि जो वर्ण नटाला खेळ संपताच धुऊन टाकता येत होता, त्याच वर्णाच्या माणसांना गुलामीतून तशी सुटका नव्हती. म्हणून विनोदाचा इतिहास लिहिताना प्रेक्षक कशाला हसले एवढे नोंदवणे पुरत नाही. त्या हसण्याची किंमत रंगमंचाबाहेर कोणी मोजली, हेही लिहिले गेले पाहिजे.