बंगळूर शहरातील मृत्युमान (१८९८ ते १९२५)

विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकातील बंगळूरच्या मृत्युमानाचा विचार करताना हे शहर त्या काळी कारभाराच्या दृष्टीने एक नव्हते, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. जुनी पेठ व तिच्या भोवतीच्या वस्त्या म्हैसूर संस्थानच्या नगरपालिकेकडे होत्या, तर १८०९ पासून वाढत गेलेली छावणी ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’ या नावाने ब्रिटिश रेसिडेंटच्या अमलाखाली होती. दोन्हींची नगरपालिका वेगळी, आरोग्यखाते वेगळे आणि जन्ममृत्यूचे दप्तरही वेगळे असल्यामुळे ‘बंगळूरचा मृत्युदर’ म्हणून दिलेला आकडा नेमका कोणत्या बंगळूरचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

मृत्युदर म्हणजे वर्षभरातील मृत्यूंचे दर हजार लोकसंख्येमागील प्रमाण. वयोगटांचा विचार न करता काढलेल्या या दरास अशोधित मृत्युदर म्हणतात. साथीच्या काळात या भागाकाराचे दोन्ही आकडे डळमळीत होतात, कारण लोक गाव सोडून जातात, त्यांच्यापैकी काहींचे मृत्यू भलत्याच गावच्या नोंदवहीत चढतात, आणि छेदस्थानी मात्र मागील जनगणनेची लोकसंख्या तशीच राहते. उलट, मोठ्या इस्पितळात खेड्यापाड्यांतून आलेला रोगी दगावला, तर त्याचा मृत्यू शहराच्या खाती पडण्याचा संभव असतो. ८ डिसेंबर १९०० रोजी लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते उघडलेल्या व्हिक्टोरिया हॉस्पिटलामुळे बंगळूरच्या आकड्यांना हीही बाजू आली.

या कालखंडाचा आरंभ प्लेगपासून होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात उघडकीस आलेली साथ पुणे, धारवाड, हुबळी अशी लोहमार्गाने दक्षिणेकडे सरकली व ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळुरात पोचली. पहिला रोगी रेल्वेशी संबंधित होता. रोगाचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता, परंतु उंदरावरील पिसू हा त्याचा वाहक असल्याचे अद्याप सर्वमान्य झालेले नव्हते. त्यामुळे प्रवाशांची तपासणी, घरे रिकामी करणे, धुरी व जंतुनाशके यांवर भर राहिला आणि धान्याच्या वखारींतील उंदीर बिनघोर फिरत राहिले. तरगुपेठ व अक्कीपेठ ही धान्याची ठाणी, अरुंद गल्ल्या, उजेड-वारा नसलेली, एकीला एक चिकटलेली घरे, आणि घरातच साठवलेले धान्य असा हा पेठेचा परिसर होता. अशा ठिकाणी घरात उंदीर पडू लागले की माणसांना काखेत वा जांघेत गाठ येऊन ताप चढण्यास फार दिवस लागत नसत. संस्थानचे प्लेग कमिशनर म्हणून तंजावरच्या मराठी परंपरेतील व्ही. पी. माधवराव (पुढे १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूरचे दिवाण) यांची नेमणूक झाली. त्रावणकोरात जातीमुळे नोकरी नाकारली गेल्यावर म्हैसूरच्या सेवेत आलेले डॉ. पद्मनाभन पल्पू यांनी प्लेगच्या छावण्यांत काम केले.

प्लेगचा परिणाम जनगणनेत स्पष्ट उमटला. १८९१ मध्ये पेठेच्या नगरपालिकेत ८०,२८५ व स्टेशनात १,००,०८१ लोक होते. १९०१ मध्ये हे आकडे अनुक्रमे ६९,४४७ व ८९,५९९ इतके खाली आले, म्हणजे एकूण घट सुमारे १२ टक्के झाली. ही सगळी घट मृत्यूंची समजणे चूक ठरेल, कारण तीत पळून गेलेल्यांचा वाटा मोठा होता. तथापि शहराच्या रचनेवर प्लेगइतका ठसा दुसऱ्या कोणत्याही रोगाने उमटवलेला नाही. पेठेतील दाटी कमी करण्यासाठी बसवनगुडी व मल्लेश्वरम् या वसाहती रुंद रस्ते, सुटी घरे व मैला वाहून नेण्यासाठी घरांमागे ठेवलेल्या गल्ल्या अशा आखणीने वाढवण्यात आल्या, आणि स्टेशनच्या बाजूस १९०६ नंतर उंदरांना शिरकाव होऊ नये अशा घरांची फ्रेझर टाउन ही वस्ती उभी राहिली. शहरात प्लेग मारम्माची देवळेही झाली. महाराष्ट्रातील मरीआईशी त्यांचे साधर्म्य उघड आहे.

प्लेगने भीती निर्माण केली, परंतु वर्षानुवर्षे मृत्यूच्या नोंदवहीतील मोठा रकाना ‘ताप’ हाच होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील पद्धतीप्रमाणे मृत्यूची कारणे पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार व हगवण, श्वसनविकार, अपघात आणि ‘इतर’ अशा ढोबळ वर्गांत घातली जात. नोंद करणारा बहुधा वैद्यकाचे शिक्षण नसलेला कारकून असे, त्यामुळे हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग आणि क्षयाचेही कित्येक मृत्यू ‘ताप’ या एकाच नावाखाली गेले. क्षयाचे त्या काळचे आकडे म्हणूनच फारसे विश्वासार्ह नाहीत.

बालमृत्युमान, म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेल्या बालकांची संख्या, हे तर त्याहून फसवे होते. बाळंतपणास स्त्री माहेरी गेली की जन्म एका गावी नोंदला जाई, किंवा नोंदलाच जात नसे, आणि मृत्यू शहरात. मुंबईत १९२१ साली हा दर हजारी ६०० च्या वर नोंदला गेला, त्यामागे चाळींतील दाटीइतकाच नोंदींतील हा दोषही होता.

पाण्याची कथा अधिक बोधक आहे. धर्मांबुधी, संपंगी, हलसूर इत्यादी तळी व विहिरी यांवर भागणारे शहर पटकीला नेहमीच उघडे होते. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत अर्कावती नदीवरील हेसरघट्टा जलाशयातून गाळलेले पाणी १८९६ मध्ये नळाने आले, परंतु भुयारी गटारांचे काम १९२२ मध्ये सुरू झाले. नळ आले तरी पुढील २६ वर्षे मैला व सांडपाणी उघड्यावरच वाहत राहिले. अतिसार व हगवणीच्या बाबतीत ही दिरंगाई अक्षम्यच म्हटली पाहिजे. पुढे १९२५ मध्ये हेसरघट्टा आटला आणि १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी येथून नवा पुरवठा सुरू झाला.

१९१८ च्या शरदातील इन्फ्लुएंझाने, म्हणजे महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या तापाने, काही आठवड्यांत म्हैसूर संस्थानात जवळजवळ २ लाख बळी घेतले. इतर साथींत लहान मुले व वृद्ध प्रथम जात, या साथीत मात्र ऐन कर्तेपणातील स्त्रीपुरुष दगावले. तिचा परिणाम संस्थानच्या लोकसंख्येवर दिसतो: १९११ ते १९२१ या दशकात ती जेमतेम ३ टक्क्यांनी वाढली. याच दशकात बंगळूरची (दोन्ही भाग मिळून) लोकसंख्या मात्र १,८९,४८५ वरून २,३७,४९६ वर गेली. ही वाढ मृत्यू घटल्यामुळे झालेली नसून मुख्यतः खेड्यांतून व बाहेरच्या प्रांतांतून आलेल्यांमुळे झाली.

स्टेशनचा प्रदेश १९४७ मध्ये म्हैसूरकडे परत आला आणि १९४९ मध्ये दोन्ही नगरपालिका मिळून एक महानगरपालिका झाली. तोवर या शहराचे मृत्युमान दोन दप्तरांची बेरीज करूनच काढावे लागे.