विमा नसलेल्या वाहनधारकाची भरपाई : हक्क कायम, वसुली मर्यादित

बुलडाणा जिल्ह्यातील दोन प्रमुख महामार्गांवर जुलै २०२३ मध्ये भीषण अपघात झाले. १ जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी, तर २९ जुलैला राष्ट्रीय महामार्गावर मलकापूर येथे दोन बसगाड्यांच्या धडकेत सहा जण मृत्युमुखी पडले. अशा रस्त्यांवर विमा नसलेले वाहन चालविणाऱ्यालाच अपघात झाल्यास त्याला भरपाई मिळते काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्यास दोन हजार व पुढील गुन्ह्यास चार हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि, केवळ विमा नाही म्हणून जखमीचा हक्क बुडत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९९६ पासून अशा चालकाला वेदना व मनस्तापाची भरपाई सर्वसाधारणपणे नाकारली जाते. भारतात तसे बंधन नाही.

दुसऱ्या चालकाची चूक असल्यास कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे उपचारखर्च, बुडालेले उत्पन्न आणि वाहनाचे नुकसान मागता येते. अर्ज अपघातस्थळाच्या, अर्जदाराच्या अथवा प्रतिवादीच्या निवासस्थानाच्या क्षेत्रातील न्यायाधिकरणाकडे चालतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी वेळेत अर्ज करणेच हिताचे.

मर्यादा मात्र लक्षात घ्याव्यात. अपघातात स्वतःचीही चूक असल्यास तेवढा वाटा रकमेतून वजा होतो. संपूर्ण चूक स्वतःची असल्यास दुरुस्ती व उपचारांचा खर्च स्वतःलाच सोसावा लागतो. मालक-चालकासाठीचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही घेतलेले नसल्यास वारसांना त्याचा आधार राहत नाही. धडक देणारे वाहन पळून गेले व सापडले नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. वाहनाच्या नुकसानीसाठी या योजनेत तरतूद नाही.

दोन्ही वाहने विम्याविना असल्यास वसुली समोरच्या मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यांना याबाबत नियम करण्यास सांगितले. पुरेसे तारण दिल्याखेरीज असे वाहन सोडू नये आणि तीन महिन्यांत तारण न दिल्यास त्याचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा करावी, असे त्याचे स्वरूप आहे. हाच नियम आपल्याही वाहनाला लागू होतो, हे विम्याचा हप्ता टाळणाऱ्याने विसरू नये.