नोंदवहीच्या बाहेरच्या बाया

रुग्णालयाच्या नोंदवहीवरून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा इतिहास लिहायला घेतला, तर हाती येतो तो मुख्यतः रुग्णालयापर्यंतच्या वाटेचा इतिहास. मराठवाड्यातल्या कळमनुरीसारख्या तालुक्यात अंगावरून पांढरं जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणं बाया अंगावरच काढतात. नाव नोंदवलं जातं तेव्हा आजार बहुधा पुढे गेलेला असतो. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने 1987 पासून ही वाट उलटी केली. कार्यकर्ते गावोगाव गेले, लक्षणांबद्दल बोलले, आणि काही वर्षांत लवकरच्या टप्प्यात निदान होणाऱ्या बायांचं प्रमाण वाढलं.

असंच गावोगाव तपासणीसाठीही जावं म्हटलं, तर नेहमीचा आक्षेप असा, की खेड्यातली बाई लाजते, तपासणीला येतच नाही. मराठवाड्यातल्याच तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 साली सुरू झालेल्या अभ्यासाने तो खोडून काढला. हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीसाठी निवडलेल्या 34,126 जणींपैकी 27,192 जणी आल्या, म्हणजे पाचांतल्या जवळपास चार. निवडलेल्या या संपूर्ण गटात आठ वर्षांत या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या 31,488 जणींच्या गटात 64. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, हा प्रश्न उठला आणि तो रास्तच आहे. एरवीही तिथे तपासणीची सोय नव्हती, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. त्या 64 जणींमुळे मिळालेलं ज्ञान मराठवाड्याचं आहे. कळमनुरीच्या बाईचा त्यावर पहिला हक्क आहे.