तळटीप : ‘इमामत’

* सामुदायिक नमाजेत इतरांना नमाज पढवणे, म्हणजे इमामत. ‘बाईला हे इस्लामात मुळीच करता येत नाही’ असे सरसकट सांगितले जाते, ते बरोबर नाही. बायकांच्या जमातीला बाईने नमाज पढवणे शाफिई आणि हंबली परंपरांना मान्य आहे (कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई आहेत). हनफी ते मकरूह, म्हणजे नापसंत मानतात. अशी इमाम रांगेपुढे नव्हे, रांगेतच मधोमध उभी राहते.

खरा वाद पुरुष मागे उभे असतील तेव्हाचा. रूढ सुन्नी मत त्याला नकार देते. पण अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात मदिनेच्या उम्म वरका यांची हकीकत आहे. घरच्यांना नमाज पढवायला पैगंबरांनी त्यांना सांगितले आणि अजान देण्यासाठी एक मुअज्जिन नेमून दिला. तो फार म्हातारा होता, असेही निवेदक नोंदवतो. हा म्हातारा त्यांच्यामागे नमाजेला उभा राहत असेल का? माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म या साध्या प्रश्नात आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तबरी आणि अबू सौर या जुन्या विद्वानांच्या नावावर अनुकूल मत नोंदलेले आहे.

मजकुरातील प्रसंग १८ मार्च २००५चा. न्यूयॉर्कमध्ये अमिना वदूद यांनी स्त्री-पुरुषांच्या एकत्र जमातीला जुम्म्याची नमाज पढवली. मशिदींनी जागा नाकारल्यामुळे ती एका चर्चच्या वास्तूत झाली. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात जमिदा यांनी २६ जानेवारी २०१८ रोजी अशीच जुम्म्याची नमाज पढवली. — संपादक